विरोधकाचं नाव खोडल्यावर काय उरतं: तीन दिवसांच्या ‘ओळख’ कार्यशाळेबद्दल

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा दुसऱ्या दिवसाबद्दल कापला, अर्धा चौदाव्या पानाबद्दल. दोन्हींची हकिकत पुढे आहे.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं मत किती धरायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी एका राजकीय पक्षाची पत्रकं लिहितो. एकोणीस वर्षं झाली. पगार नाही. पद आहे, पण ते पत्रकाच्या तळाशी बारीक टायपात छापण्यापुरतं. या एकोणीस वर्षांत आमचा पक्ष एकदाही सत्तेत आला नाही, त्यामुळे लिहायला विषय मात्र कधी कमी पडला नाही. समोरचे रोज काही ना काही करतात, आम्ही त्याचा निषेध करतो. ‘जाहीर निषेध’, ‘तीव्र निषेध’ आणि ‘तीव्र शब्दांत जाहीर निषेध’ यांतला फरक मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

लागोपाठ तिसरी निवडणूक हरल्यावर कार्यकारिणीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की लोकांना आपण कोण तेच कळत नाही. त्यावर दोन तास चर्चा झाली आणि त्यातला पाऊण तास पुन्हा समोरच्यांवरच गेला. शेवटी एका सल्लागार कंपनीला बोलवायचं ठरलं. पक्षांना ‘स्वतःची सकारात्मक ओळख घडवून देणं’ हा त्यांचा धंदा. तीन दिवसांची कार्यशाळा, नंतर छापील ओळख-पुस्तिका आणि तीन महिन्यांनी एक फोन, असं ते एकूण पॅकेज. कंपनीचं नाव लिहीत नाही, पक्षाचंही नाही. दोघांनाही अजून आपापलं दुकान चालवायचं आहे.

पहिला दिवस अप्रतिम होता. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण मी तिथे नाक मुरडतच गेलो होतो.

सकाळी हॉलमध्ये शिरलो तर भिंतभर आमचीच मागच्या दोन वर्षांतली चाळीस पत्रकं चिकटवलेली. प्रत्येकाला एक लाल पेन दिलं. सूचना एवढीच: समोरच्या पक्षाचं किंवा त्याच्या नेत्याचं नाव दिसेल तिथे खोडा, मग जे वाक्य त्या नावाशिवाय उभं राहत नाही तेही खोडा. माझ्या वाट्याला नेमकं माझंच पत्रक आलं. अकरा वाक्यं होती. खोडून झाल्यावर ‘सभेस बहुसंख्येने उपस्थित राहावे’ एवढं एक वाक्य उरलं, आणि त्याखाली मुद्रकाचं नाव. कुठल्या सभेस, कशासाठी, कुणाच्या, ते सगळं लाल रेघेखाली गेलं होतं.

शेजारी युवक आघाडीचा अध्यक्ष होता. त्याच्या पत्रकात मजकूर थोडाच, फोटो जास्त. त्याने आधी मजकूर खोडला, मग जरा वेळ थांबून समोरच्या नेत्याचा फोटोही खोडला, तर अर्धं पान लाल. आमच्या अध्यक्षांचा फोटो कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा. म्हणजे इतकी वर्षं आमची पोरं उन्हातान्हात दारोदार फिरून त्यांचा चेहरा घराघरांत पोचवत होती. फुकट.

दुपारनंतर दुसरा प्रश्न आला. कार्यशाळा घेणारी मुलगी वयाने माझ्या लेकीएवढी असेल. तिने फळ्यावर लिहिलं: ‘उद्या सकाळी उठलात आणि तो पक्ष विसर्जित झालेला आहे. आता तुम्ही काय करणार?’ दहा मिनिटं दिली. निम्म्या लोकांनी लिहिलं, ‘मग आम्ही जिंकलो.’ तिने शांतपणे विचारलं, “बरं, जिंकलात. दुपारी काय करणार?”

हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

हे ‘दुपारी काय करणार’ माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. त्यांच्या सादरीकरणात याच्या पुष्टीला एकच स्लाइड होती, अमेरिकेतल्या व्हिग पक्षाची. स्लाइडवर जेमतेम तीन ओळी. पण मला इतिहासाचा नाद आहे, घरी येऊन वाचत बसलो, आणि गोष्ट स्लाइडपेक्षा कितीतरी मजेदार निघाली. अँड्र्यू जॅक्सन हे राष्ट्राध्यक्ष राजासारखे वागतात, ‘किंग अँड्र्यू’ झालेत, या एका रागावर 1834 च्या सुमारास हा पक्ष उभा राहिला. नावही त्याच रागातून घेतलं. इंग्लंडात राजाच्या मनमानीला विरोध करणाऱ्यांना व्हिग म्हणत. जॅक्सनवर चिडलेले सगळे त्यात आले. कुणाला राष्ट्रीय बँक हवी होती, कुणाला संघराज्याने राज्यांच्या कारभारात नाक खुपसलेलं नको होतं. बँक, आयातकर, रस्ते आणि कालवे असा सरळ कार्यक्रम घेऊन हेन्री क्ले हा त्यांचा नेता तयार होता. पण तो कार्यक्रम काढला की घरातच भांडण, म्हणून 1840 च्या निवडणुकीत त्यांनी काय केलं? राष्ट्रीय अधिवेशनात जाहीरनामाच मंजूर केला नाही. क्लेला बाजूला ठेवून युद्धात नाव कमावलेले विल्यम हेन्री हॅरिसन उभे केले, लाकडी झोपडीचं चित्र घेऊन मिरवणुका काढल्या, गाणी म्हटली, आणि दणकून जिंकले. 234 विरुद्ध 60.

मग दुपार झाली. हॅरिसन शपथविधीनंतर बरोबर एका महिन्याने वारले. उपाध्यक्ष जॉन टायलर हे मूळचे दुसऱ्या गोटातले, जॅक्सनशी बिनसलं म्हणून आलेले. त्यांच्याच पक्षाने बँकेचं विधेयक संसदेत मंजूर केलं, टायलरनी नकाराधिकार वापरला. पुन्हा केलं, पुन्हा नकार. एक सोडून सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि पक्षाने आपल्याच राष्ट्राध्यक्षाला हाकलून दिलं, तेही 1841 सालीच. टायलरना दोष देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. पक्ष कशासाठी आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, तर त्यांनी मोडलं काय? पुढे गुलामगिरीचा प्रश्न पेटला आणि 1850 च्या दशकात पक्ष दुभंगून नाहीसा झाला.

त्याच्या जागी 1854 मध्ये जो रिपब्लिकन पक्ष आला त्याचाही जन्म नकारातूनच झाला होता, हे विसरू नका: नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देणार नाही. पण तोच नकार त्यांनी होकारात मांडला. मुक्त जमीन, मुक्त श्रम, मुक्त माणूस. 1860 च्या जाहीरनाम्यात कसणाऱ्याला जमीन आणि पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत रेल्वे होती, आणि सत्ता आल्यावर, चालू यादवी युद्धात, 1862 साली दोन्हींचे कायदे झाले. जो कसेल त्याला 160 एकर. दुपारी काय करायचं हे त्यांना सकाळीच ठाऊक होतं.

एक गोष्ट इथे बजावून ठेवतो, नाहीतर आमचेच लोक म्हणतील की लेखणीवाला उलटला. विरोध करणं हे पाप नव्हे. विरोधी पक्षाचं ते कामच आहे आणि कधी कधी सगळ्यात मोठं काम तेच असतं. 1977 साली आणीबाणीविरुद्ध जे एकत्र आले त्यांच्याजवळ तेव्हा दुसरा विषय नव्हता आणि असायची गरजही नव्हती. समाजवादी, जनसंघ, संघटना काँग्रेस, लोकदल असे सगळे, जनता पक्ष म्हणून. निवडणूक लढवली तीसुद्धा लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर. 295 जागा आल्या. ज्या एका गोष्टीवर एकमत होतं ती त्यांनी चोख केली. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचं कारणच काढून टाकलं आणि तिथे ‘सशस्त्र बंड’ घातलं. ते आजही आपल्या राज्यघटनेत आहे. पण त्यापलीकडे कशावर एकमत, ते ठरलेलं नव्हतं. जुलै 1979 मध्ये मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला आणि जानेवारी 1980 च्या निवडणुकीत इंदिरा गांधी 353 जागा घेऊन परत आल्या. पाच वर्षांची मुदत, अडीच वर्षांत दुपार ढळली.

1977 च्या सहा वर्षं आधीचा धडा तर शाळकरी पोरालाही सांगता येईल. 1971 ला विरोधकांची महाआघाडी म्हणत होती ‘इंदिरा हटाओ’. बाईंनी उत्तर दिलं: ते म्हणतात इंदिरा हटाओ, मी म्हणते गरिबी हटाओ. 518 पैकी 352 जागा. गरिबी किती हटली हा वेगळा वाद आहे आणि तो मी समोरासमोर बसून घालायला तयार आहे. पण घोषणेच्या मागे 1969 चं 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण उभं होतं. ती बाई काय करणार आहे हे तिच्या शत्रूलाही सांगता येत होतं. महाआघाडी आल्यावर काय होणार, हे महाआघाडीलाही सांगता येत नव्हतं.

त्या महाआघाडीतल्या एका पक्षाबद्दल मला कायम हळहळ वाटते. राजाजींचा, म्हणजे सी. राजगोपालाचारींचा, ‘स्वतंत्र पक्ष’, 1959 ला निघालेला. त्यांची मतं मला पटत नाहीत, पण त्यांच्याइतकी ओळख लिहून काढलेला पक्ष आपल्याकडे क्वचितच झाला असेल. 21 मूलभूत तत्त्वं. परवाना-परमिट राज नको. शेतकऱ्याची जमीन त्याचीच राहू द्या, सामुदायिक शेतीत ओढू नका. आणि शेवटी गंमत म्हणजे, या तत्त्वांपलीकडच्या विषयांवर सभासदाला आपलं मत ठेवण्याची मोकळीक. म्हणजे एवढं आपलं सगळ्यांचं, बाकी ज्याचं त्याचं. 1967 ला लोकसभेत त्यांच्या 44 जागा होत्या. 1971 ला ‘इंदिरा हटाओ’च्या दिंडीत सामील झाले आणि 8 वर आले. हरण्याला दुसरी कारणंही होती, कबूल. पण इतकं मेहनतीने कोरलेलं नाव आपल्याच हाताने पुसून त्यावर दुसऱ्याचं नाव लिहायचं, तेही तिला हटवण्यासाठी!

असो. कार्यशाळेकडे येतो.

दुसरा दिवस वाया गेला. त्या दिवशी दुसरेच गृहस्थ होते, गळ्यात मफलर, हातात रिमोट. त्यांनी आमच्यासाठी रंग आणले होते. निळ्याच्या चार छटा, प्रत्येकीला एकेक भावना जोडलेली. अक्षरवळण आणलं होतं, जे ‘विश्वासार्ह पण तरुण’ आहे म्हणे. मग ‘आपली मूल्यं’ नावाचा खेळ झाला. टेबलावर पत्ते पसरले, प्रत्येकावर एकेक शब्द: विकास, न्याय, पारदर्शकता, सर्वसमावेशकता, प्रगती, माणुसकी. प्रत्येक गटाने पाच निवडायचे. चारही गटांनी जवळपास तेच पाच निवडले आणि गृहस्थ आनंदाने म्हणाले, “बघा, किती एकवाक्यता आहे!”

तेव्हा आमच्या अक्का उठल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पक्षात माझ्याहून दुप्पट वर्षं घालवलेल्या. त्या म्हणाल्या, “अहो, मला एक सांगा. अन्याय हवा, अधोगती हवी, असं म्हणणारा पक्ष कुठे बघितलात का तुम्ही?”

गृहस्थ हसले. अक्का हसल्या नाहीत. “मग हे पत्ते त्यांच्या टेबलावर मांडले तर तेही हेच उचलतील की. यात आपलं काय?”

सबंध कार्यशाळेतला सगळ्यात कामाचा निकष हा, आणि तो कंपनीने दिलेला नाही. मी त्याला अक्कांची कसोटी म्हणतो: वाक्य उलटं करून बघा. उलटं वाक्य एखादा शहाणा, सभ्य माणूस मनापासून म्हणू शकत असेल, तरच सरळ वाक्यात काही दम आहे. ‘आम्ही विकास करू’ उलटवा, कुणी म्हणणार नाही. ‘नव्या रस्त्यांआधी आहेत त्या बस नीट चालवू’ उलटवा, भरपूर लोक म्हणतील की नाही बुवा, आधी रस्ते. आणि त्यांच्याकडे त्याची कारणंही असतील. तिथे ओळख सुरू होते. जिथे कुणी तरी तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकतं तिथे. बाकी सगळं गुळमुळीत. ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्कने 1770 मध्येच पक्षाची व्याख्या करताना म्हटलं होतं की ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे अशा एखाद्या विशिष्ट तत्त्वावर राष्ट्रहितासाठी एकत्र आलेली माणसं म्हणजे पक्ष. ‘विशिष्ट’ हा शब्द त्या मफलरवाल्यांना वाचून दाखवावा असं फार मनात होतं. एक तारा कापला तो इथे.

तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाची मुलगी परत आली, आणि भांडण झालं. चांगलं झालं.

तिने सकाळी दोन पक्ष शेजारी शेजारी मांडले. एकीकडे ब्रिटनचा युकिप. युरोपीय संघातून बाहेर पडायचं हा त्यांचा जीव की प्राण. 2015 च्या निवडणुकीत 12.6 टक्के मतं. 2016 च्या जूनमध्ये सार्वमताचा कौल बाहेर पडण्याच्या बाजूने लागला, म्हणजे आयुष्यभर मागितलं ते मिळालं, आणि 2017 च्या निवडणुकीत मतं 1.8 टक्के. दुसरीकडे जर्मनीचा ग्रीन पक्ष. तोही नकारातून आला: अणुऊर्जा नको, क्षेपणास्त्रं नकोत. पण 1980 मध्ये कार्ल्सरूहला पक्ष स्थापन झाला तेव्हापासून त्यांनी आपले चार खांब सांगितले: पर्यावरण, सामाजिक न्याय, तळातून चालणारी लोकशाही, अहिंसा. त्यांच्याही मनासारखं झालं. अणुभट्ट्या बंद करण्याचा कायदा 2002 ला आला, शेवटच्या तीन भट्ट्या एप्रिल 2023 मध्ये थांबल्या. पक्ष आहे तिथेच आहे, सत्तेत आणि सत्तेबाहेर जाऊन येऊन. एक खांब पुरा झाला तरी छप्पर खाली आलं नाही.

मी हात वर करून म्हटलं की त्या खांबांचा त्रासही सांगा. 1999 मध्ये कोसोव्होच्या युद्धात जर्मनी उतरला तेव्हा परराष्ट्रमंत्री ग्रीन पक्षाचेच होते, योश्का फिशर. बीलेफेल्डच्या अधिवेशनात त्यांच्यावर लाल रंगाने भरलेली पिशवी फेकली गेली, कानाचा पडदा दुखावला. कारण चौथा खांब अहिंसेचा होता. फिशर तसेच रंगलेल्या कोटात बोलायला उभे राहिले आणि अधिवेशनाने शेवटी त्यांची बाजू घेतली, पण रंग तर लागलाच. ओळख लिहून ठेवली की आपलेच लोक तिचा हिशेब मागतात. न लिहिलेल्या गोष्टीवरून कुणी रंग फेकत नाही.

“मग?” तिने विचारलं. “लिहायचं नाही का?”

मी खाली बसलो.

मग तिने एक छोटं कार्ड दाखवलं, ब्रिटनच्या मजूर पक्षाचं, 1997 च्या निवडणुकीतलं. खिशात मावेल एवढं, त्यावर पाच वचनं. पाच, सहा आणि सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात 30 हून जास्त पोरं नसतील, हे त्यातलं एक. मला खरी आवडली ती त्याच ओळीतली पुढची गोष्ट: पैसा कुठून आणणार तेही तिथेच छापलेलं. खासगी शाळांच्या जागांसाठी सरकार जी मदत देत होतं ती योजना बंद करून. म्हणजे कुणाचं काढून कुणाला देणार हे उघड. अठरा वर्षं विरोधात काढलेला पक्ष होता तो. 418 जागा जिंकून आला. याच्या दोन वर्षं आधी, 1995 ला, त्यांनी पक्षाच्या घटनेतलं उद्योगांच्या सामाजिक मालकीचं जुनं कलम खास अधिवेशन भरवून बदललं होतं आणि बऱ्याच जुन्या माणसांना दुखावलं होतं. त्यांचा तो बदल बरोबर की चूक यावर आमच्याकडे आजही दोन तट पडतात. पण कार्ड वाचून माणसाला कळत होतं की हे काय करणार.

आम्हीही एक ओळ लिहायला बसलो. पैशाच्या उगमासकट. साडेतीन तास लागले. शेवटी जी राहिली ती ही: ‘पहिला पैसा सरकारी दवाखान्याला, त्यासाठी पाच वर्षं नवा उड्डाणपूल नाही.’

स्वल्पविरामापर्यंत सगळे टाळ्या वाजवत होते. स्वल्पविरामानंतर आमचे एक सरचिटणीस उठले. त्यांच्या घरचा व्यवसाय रस्ते-पुलांच्या कामांचा. ते म्हणाले, पहिलं वाक्य ठेवा, दुसरं सभेत तोंडी सांगता येईल. युवक आघाडीवाला म्हणाला, दुसरं काढलं तर पहिलं समोरच्यांचंही आहे. अक्का गप्प बसून होत्या, म्हणजे त्यांना पटलं होतं. मतदान झालं, ओळ टिकली. सरचिटणीस त्या महिन्यात पक्ष सोडून गेले. चांगला माणूस, मतदारयाद्यांचं काम त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. त्यांची उणीव आजही भासते. ही सेवा घेणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवतो: माणूस न गमावता ओळख मिळेल अशी आशा असेल तर दुसरा दिवस पुन्हा पुन्हा घ्या, त्यात कुणीच जात नाही.

आता चौदावं पान. महिन्याभराने ओळख-पुस्तिका आली. जाड गुळगुळीत कागद, कव्हरवर त्या चार निळ्यांपैकी एक. आम्ही कार्यकारिणीत मोठ्याने वाचली. ‘आम्ही सामान्य माणसाच्या स्वप्नांना बळ देतो, परंपरेचा आदर राखून भविष्याकडे पाहतो’ वगैरे वगैरे. माना डोलल्या. तीन-चार दिवसांनी अक्कांचा फोन: “चौदाव्या पानाच्या तळाला बघ रे, बारीक अक्षरात.” बघितलं. तिथे दुसऱ्याच एका पक्षाचं नाव होतं. जुन्या गिऱ्हाइकाची फाइल उघडून आमचं नाव सगळीकडे घातलं आणि तेवढं एक ठिकाण राहून गेलं असणार. कंपनीला कळवलं, त्यांनी माफी मागितली, नवीन प्रती दोन आठवड्यांत पाठवल्या. वागणूक सभ्य होती, तक्रार नाही. पण मला बोचतंय ते वेगळंच. त्या पानावरचा मजकूर आम्ही बारा जणांनी मिळून वाचला होता आणि एकालाही तो परका वाटला नव्हता. अर्धा तारा कंपनीचा कापला. खरं तर आमचाही एखादा कापायला हवा.

घ्यावी का ही सेवा? पहिला आणि तिसरा दिवस जरूर घ्या, दुसऱ्या दिवशी घरी झोपा. पुस्तिका नको म्हणून सांगता आलं तर सांगा. लाल पेनाचा खेळ तर कंपनीशिवायही करता येतो, जुनी पत्रकं आणि थोडा निर्लज्जपणा पुरतो. आणि ज्या पक्षात एकही अक्का नाही त्यांनी आधी अक्का शोधावी.

तीन महिन्यांनी ठरल्याप्रमाणे फोन आला, त्याच मुलीचा. तिने विचारलं, काही फरक जाणवतो का? मी तिला आदल्याच रविवारची गोष्ट सांगितली. नवी पत्रकं घेऊन आम्ही दारोदार फिरत होतो. एका घरी चाळिशीतल्या गृहस्थांनी दार उघडलं. एकोणीस वर्षांच्या सवयीने मी तयारीत होतो: ते एकतर म्हणणार, तुम्ही सगळे सारखेच, नाहीतर समोरच्यांना चार शिव्या हासडून दार लावणार. त्यांनी पत्रक वाचलं. चष्मा वर केला. “पूल का नाही?” म्हणाले. “मला रोज तिथे चाळीस मिनिटं अडकायला होतं. दवाखाना ठीक आहे, पण माझ्या चाळीस मिनिटांचं काय?”

मी बस, गर्दी, खर्च सगळं सांगितलं. त्यांना पटलं नाही. त्यांनी उलट तीन मुद्दे काढले, त्यातल्या एकाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तसं म्हटलं. आतून बायकोने दोनदा हाक मारली तरी ते हलले नाहीत. वीस मिनिटं आम्ही उंबऱ्यावर उभं राहून आमच्याबद्दल भांडलो. समोरच्या पक्षाचं नाव त्यांनीही काढलं नाही आणि मलाही आठवलं नाही.

पत्रक त्यांनी परत दिलं. देताना म्हणाले, दवाखाना रात्री उघडा ठेवणार की नाही ते यात कुठे लिहिलेलं नाही, ते आधी छापा.